मराठी लेखकांसाठी ऑनलाइन पर्यायकोश कसा असावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे व्यवसायाने प्रोग्रामर आहेत आणि कथाही लिहितात. इंग्रजीत लिहिताना हाताशी थिसॉरस, म्हणजे सारख्या अर्थाचे शब्द देणारा पर्यायकोश असतो, मराठीत अडलं की कुठे बघायचं कळत नाही. म्हणून त्यांनी विचारलंय की मराठी वर्डनेट या संगणकासाठी केलेल्या शब्दसंग्रहाचा डेटा घेतला, त्यावर झकास सर्च बसवला, तर लेखकांसाठी चांगला ऑनलाइन पर्यायकोश तयार होईल का? आणि आता एआयला विचारलं की दहा पर्याय मिळतात, मग या खटाटोपाला काही अर्थ उरलाय का?

अर्थ उरलाय. पण वर्डनेटवर सर्च बसवून लेखकाचा पर्यायकोश होत नाही. माझी बरीच वर्षं हस्तलिखितं तपासण्यात आणि कोशाच्या नोंदी लिहिण्यात गेली आहेत, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. पर्यायकोश उघडणाऱ्या लेखकाला सारख्या अर्थाचे शब्द बहुतेक वेळा माहीत असतातच. रस्त्याला मार्ग म्हणतात हे सांगायला त्याला कोश लागत नाही. त्याला हवा असतो या शब्दांमधला फरक: कुठला शब्द कोणाच्या तोंडी शोभेल, कुठला या वाक्यात बसेल, कुठला बसवायला गेलं तर वाक्यच मोडेल. आपल्याकडच्या बहुतेक याद्या नेमका हा फरक पुसतात आणि मधे स्वल्पविराम टाकून सगळे शब्द एका ओळीत उभे करतात.

आधी वर्डनेटबद्दल, कारण तुम्ही सुरुवात तिथून करताय. मूळ वर्डनेट १९८५ साली प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने सुरू झालं. त्यात नोंद संकल्पनेची असते. एका संकल्पनेसाठी चालणाऱ्या शब्दांचा एक संच, आणि संचांमध्ये ‘हा त्याचा प्रकार’, ‘हा त्याचा भाग’ अशी नाती. आपल्याकडे आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी वर्डनेट केलं आणि हिंदीतल्या संचांना मराठी शब्द जोडत मराठी वर्डनेट उभं राहिलं. काम मोठं आहे, आणि यांत्रिक भाषांतर किंवा शब्दाचा नेमका अर्थ ओळखणं यासाठी ते लागतंच. मुळात ते यंत्रासाठी केलेलं आहे, हे लक्षात ठेवलं की तक्रार राहत नाही.

लेखकासाठी मात्र त्यात दोन अडचणी येतात. पहिली हिंदीच्या सांगाड्याची. हिंदीत जे वेगळं मोजलेलं नाही ते मराठीतही वेगळं मोजलं जात नाही, जोवर कोणी मुद्दाम बसून भर घालत नाही. शिवाय हिंदीवरून आलेला कुठलाही डेटा, मग तो कोशाचा असो की एआयचा, ‘चेष्टा’, ‘यातायात’, ‘आपत्ती’, ‘शिक्षा’ असल्या शब्दांपाशी डोळे उघडे ठेवून तपासावा लागतो. प्रयत्नाला पर्याय म्हणून ‘चेष्टा’ हिंदीत चालतो. मराठीत तुमचा नायक आईच्या उपचारासाठी जिवापाड चेष्टा करू लागला तर काय होईल बघा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. संच बांधताना वर्डनेटवाले तीन कसोट्या लावतात: संकल्पना ठरायला लागतील तेवढे किमान शब्द, त्या संकल्पनेसाठीचे सगळे शब्द यावेत ही व्याप्ती, आणि तिसरी, वाक्यात एकाच्या जागी दुसरा बसला पाहिजे. ही तिसरी कसोटी नामांना बऱ्यापैकी लागू पडते. मराठी क्रियापदांपाशी आलं की ती कोलमडते. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एकच नोंद उलगडून दाखवतो.

‘रडणे’ घ्या. साधी यादी केली तर ‘रडणे, रुदन करणे, अश्रू ढाळणे, विलाप करणे, शोक करणे’ असं काहीतरी हाती येतं. पाचही शब्द बरोबर आहेत आणि कथेत पाचांपैकी एकही शब्द सहसा उपयोगाचा नाही. मराठी माणूस रडतो तेव्हा रडण्याची तऱ्हा क्रियापदात क्वचितच असते. ती असते आधी येणाऱ्या शब्दात, किंवा सबंध वाक्प्रचारात. मुळूमुळू रडणं, हमसून हमसून रडणं, ढसाढसा रडणं, ओक्साबोक्शी रडणं, धाय मोकलून रडणं. मुसमुसणं आणि स्फुंदणं ही मोजकी क्रियापदं तऱ्हा स्वतःमध्येच घेऊन येतात. मग हुंदका: तो दाटतो, फुटतो, आवरला जातो, गिळलाही जातो. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे डोळे पाणावणं, डोळे भरून येणं, कंठ दाटणं. इथे माणूस अजून रडलेलाच नाही. आणि पलीकडे टाहो फोडणं, गळा काढणं, भोकाड पसरणं.

आता फरक बघा. मुळूमुळू रडणारा आवाज करत नाही, पण सांगणाऱ्याला त्याचं फारसं कौतुकही नाही. ‘मुळूमुळू रडत बसू नकोस’ हे या शब्दाचं घरचं वाक्य. ढसाढसा मोठी माणसं रडतात, आणि पुरुषाच्या रडण्यासाठी हा शब्द विशेष वापरात आहे, कारण त्यात बांध फुटल्याचा भाव आहे. धाय मोकलून रडण्यामागे बहुधा मृत्यू किंवा तसाच मोठा घाव असतो. बस चुकली म्हणून कोणी धाय मोकलत नाही. भोकाड पोर पसरतं, मोठ्या माणसाने पसरलं की ती टिंगल होते. गळा काढला म्हटलं की सांगणाऱ्याला ते रडणं खोटं किंवा अतिरेकी वाटतंय हे उघड होतं. टिपं गाळण्यातही हलकीशी हेटाळणी आहे आणि बहुतेक वेळा ती बाईबद्दल केलेली असते. आज लिहिताना हे ठाऊक असलेलं बरं. टाहो वर्तमानपत्रांनी पळवलाय, आता तो न्यायासाठी आणि हमीभावासाठी फुटतो. ‘अश्रूंना वाट मोकळी करून दिली’ हा प्रयोग तर इतका झिजलाय की त्यावर ‘घासून गुळगुळीत’ अशी खूण कोशानेच करावी. अशी खूण कुठल्या कोशात असते? नसते, आणि लेखकाला ती फार हवी असते.

आता व्याकरण. ती ढसाढसा रडली. तिला रडू कोसळलं. तिने टाहो फोडला. तिचे डोळे भरून आले. चार पर्याय, आणि कर्त्याची चार रूपं: ती, तिला, तिने, तिचे. म्हणजे एक प्रयोग काढून दुसरा घालायचा तर वाक्य पुन्हा बांधावं लागतं, मागच्या-पुढच्या वाक्यांशी असलेला सांधाही बदलतो. लेखकाच्या दृष्टीने हे संकट नाही, उलट सोय आहे. ‘ती रडली’मध्ये ती काहीतरी करते, ‘तिला रडू कोसळलं’मध्ये तिच्यावर काहीतरी येऊन आदळतं. पात्र असहाय दाखवायचं असेल तर दुसरं वाक्य घ्यावं. हे कोशातून कळायचं असेल तर नोंदीत शब्द नुसता देऊन भागत नाही. माझा आग्रह आहे की प्रत्येक प्रयोगापुढे एक छोटं वाक्य द्या, आणि ते भूतकाळातच द्या. मराठीत ‘ने’ कुठे लागतो आणि क्रियापद कोणाच्या मागे जातं ते भूतकाळातच दिसतं. ‘तो टाहो फोडतो’ या वाक्यावरून काहीच कळत नाही.

म्हणून तुमच्या डेटाबेसमधला मूळ घटक ‘शब्द’ ठेवू नका, ‘प्रयोग’ ठेवा. एक प्रयोग म्हणजे एक शब्द असेल, दोन असतील, सबंध वाक्प्रचारही असेल. त्याला जोडून कर्त्याचं रूप, नाम असेल तर लिंग, एक वाक्य, आणि दोन-तीन ओळींची फरकाची टीप. ही टीप म्हणजे व्याख्या नव्हे. शेजारच्या प्रयोगापेक्षा हा कुठे वेगळा, एवढंच तिने सांगायचं. मी तर म्हणेन की पर्यायकोशाचा सगळा जीव या टिपेत असतो, बाकीचं आज ना उद्या यंत्र करेलच.

लिंग सांगायचं हे काही माझं खूळ नाही. अमरसिंहाच्या कोशाला आपण अमरकोश म्हणतो, त्याचं मूळ नाव ‘नामलिंगानुशासन’. पर्याय देताना त्यांचं लिंग सांगणं हे तिथे नावातच आहे. मराठीला तीन लिंगं आणि विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळं नामाच्या मागे फिरणारं. ‘ती अरुंद, काट्याकुट्यांनी भरलेली वाट त्याला पाठ होती’ यात ‘वाट’ काढून ‘रस्ता’ घातला की ती, भरलेली, होती, तिन्ही बदलतात. तुम्ही प्रोग्रामर आहात, हे आपोआप बदलून दाखवायचा मोह होईल. सुरुवातीला नका त्यात पडू. लिंगाची खूण ठळक दिसली तरी पुरे, बाकी लेखक करतो. आणि ‘ती वाट पाहत होती’मध्ये रस्ता घातला तर ती बांधकाम खात्याची इंजिनिअर होईल, तेव्हा ‘वाट पाहणे’ हा वेगळा प्रयोग म्हणून नोंदलेलाच बरा.

आता मांडणी. अकारविल्हे नको, विषयवार हवी, हे बहुतेकांना पटतं, पण का ते विसरलं जातं. अमरकोश वर्गांमध्ये बांधला आहे: स्वर्ग, काल, भूमी, वनौषधी असे. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्ये थिसॉरस छापला तो एक हजार शीर्षकांखाली. हिंदीत अरविंद कुमार आणि कुसुम कुमार या दांपत्याने ‘समांतर कोश’ केला, १९९६ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने तो काढला. अरविंद कुमार मुंबईत ‘माधुरी’ या सिनेपाक्षिकाचे संपादक होते. हजारो कार्डं लिहून सुरू झालेलं काम पुढे मुलाच्या मदतीने संगणकावर गेलं. या तिन्ही कोशांत वाचकाला एका शब्दावरून शेजारी जाता येतं, तिथून आणखी पुढे. लेखक बऱ्याचदा भलत्याच दारातून आत येतो. त्याला ‘पाऊस’ शोधायचा असतो आणि सापडतो ‘ओलावा’, आणि तोच त्याला हवा असतो.

ऑनलाइन कोशात नेमकं हेच हरवलंय. सर्चच्या चौकटीत शब्द टाका, उत्तर घ्या, बाहेर पडा. शेजार दिसतच नाही. म्हणून प्रत्येक नोंदीच्या पानावर वरचा वर्ग आणि बाजूचे वर्ग सतत दिसू द्या. रडण्याच्या शेजारी गप्प होणं, रुसणं, कण्हणं, विव्हळणं. पावसाच्या शेजारी चिखल, वास, छत्री, गळकं छप्पर.

पावसाचा विषय निघालाच आहे तर थांबतो. रिमझिम, झिमझिम, भुरभुर, रिपरिप, पिरपिर. पडणारं पाणी पाचांमध्ये जवळपास तेवढंच. पण रिमझिम आवडलेल्या पावसाची, रिपरिप कंटाळलेल्या माणसाच्या पावसाची आणि पिरपिर तर चिडलेल्याच्या. तोच शब्द कुरकुरणाऱ्या पोरालाही लावतात. कथेत पाऊस रिमझिम पडतोय की त्याची रिपरिप चाललीय यावरून खिडकीत उभ्या माणसाची मनःस्थिती कळते, तिचं वेगळं वर्णन करावं लागत नाही. मग मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस, वळीव, अवकाळी, संततधार, झड. यातली नक्षत्रं शेतीच्या पंचांगातून आलेली आहेत. शहरातल्या पंचविशीतल्या पात्राने हस्ताचा पाऊस म्हणावं का, हा लेखकाचा निर्णय, पण शब्द कुठून आलाय हे कोशाने सांगितलं पाहिजे. नादानुकारी शब्दांसाठी मोल्सवर्थ आजही उघडण्यासारखा आहे. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि आवाजावरून घडलेले शब्द त्याने कान देऊन टिपले आहेत. तो आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. दाते-कर्व्यांनी वाक्संप्रदायांचा कोश वेगळा केला, यावरूनही मराठीत वाक्प्रचाराचं पारडं किती जड आहे ते दिसतं.

खुणांबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे सगळेच आळस करतात. ‘ग्रांथिक’, ‘बोलीभाषा’ आणि ‘ग्राम्य’ या तीन शिक्क्यांवर आपले कोश भागवतात. माणूस मरतो तेव्हा मराठीत काय काय होतं ते बघा. बातमीत निधन होतं, अपघाताच्या बातमीत मृत्यू, पोलिसांच्या कागदात तो मयत. घरात सांगताना ‘गेले’ किंवा ‘वारले’. जुन्या पत्रात ‘देवाज्ञा झाली’. साथीत आणि लढाईत माणसं खपतात, एकटा माणूस सहसा खपत नाही. नावडता माणूस गचकतो. नावापुढे कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी यातलं काय लागतं त्यावरून घर कळतं. ‘महापरिनिर्वाण’ बुद्धांसाठी आणि बाबासाहेबांसाठी. सहा डिसेंबरला जोडलेला तो शब्द दुसऱ्या कोणाला लावून चालत नाही. हे सगळं तीन शिक्क्यांत कसं बसणार? इथे ‘कोण कोणाबद्दल कुठे बोलतंय’ अशी जागा नोंदीत हवी, आणि ती मोकळ्या मजकुराची हवी. ठरावीक खुणांची ड्रॉपडाउन यादी करून संपादकाला तिच्यात कोंडू नका.

प्रदेशाची खूण मात्र ठरावीक ठेवता येते. लेकरू म्हटलं की मराठवाडा कानात येतो, पोट्टं म्हटलं की विदर्भ, झील आणि चेडू म्हटलं की मालवण. कारटं कुठलंही असू शकतं, तिथे फक्त बोलणाऱ्याचा वैताग असतो. पुण्यामुंबईत बसून केलेल्या कोशांनी या शब्दांना वर्षानुवर्षं ‘प्रादेशिक’ म्हणून कोपऱ्यात ठेवलं. तुम्ही निदान कुठल्या प्रदेशाचा ते लिहा, आणि पुण्याच्या खास शब्दांनाही तीच खूण लावा.

काळाची खूण ऐतिहासिक लिहिणाऱ्यांसाठी. इंग्रजीत ग्लासगो विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झालेला ऐतिहासिक थिसॉरस २००९ मध्ये छापून आला. त्यात कुठल्या संकल्पनेला कुठल्या काळात कोणते शब्द होते ते सालांसकट मिळतं. आपल्याकडे तसं काही नाही, पण सामग्री आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून करून घेतलेला राज्यव्यवहारकोश म्हणजे फारसी-अरबी कारभारी शब्दांचे संस्कृत पर्यायच. राज्याभिषेकाच्या सुमारास सुरनिसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. कादंबरी १६६०मध्ये घडते की १६७५मध्ये यावरून पात्राच्या तोंडचं पदनाम बदलतं. तसंच पुढचं. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रुळला, तो १८९०च्या कथेत आला की जाणता वाचक ठेचकाळतो. प्रत्येक शब्दाचं साल देणं तुमच्या आवाक्यातलं नाही. ‘विसाव्या शतकातला’, ‘आता वापरात नाही’, ‘शिवकालीन कागदांत’ एवढ्या ढोबळ खुणाही खूप कामाच्या आहेत.

सर्चकडे येऊ. तुमचं हत्यार तेच, पण मराठीत ते बोथट होतं. लेखक कोशातलं मूळ रूप टाइप करत नाही, तो लिहिता लिहिता वाक्यातला शब्द उचलून टाकतो. ‘विहिरीत’ टाकल्यावर ‘विहीर’ सापडली पाहिजे, ‘फुलांनी’ टाकल्यावर ‘फूल’, ‘पाण्याने’ टाकल्यावर ‘पाणी’. सामान्यरूपात ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, म्हणून शेवटची चार अक्षरं कापून भागत नाही. नियमांचा छोटा संच आणि अपवादांची यादी दोन्ही लागतात. क्रियापदाचं तर विचारू नका: ‘रडणे’ आणि ‘रडणं’ या दोन्ही रूपांनी लोक शोधतात, आणि ‘रडताना’, ‘रडून’, ‘रडवेली’ यांनीही.

युनिकोडचे काटे वेगळे. ‘ॲ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येतं आणि ‘अ’ला ‘ॅ’ जोडूनही. दिसायला दोन्ही सारखी, पण युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने ती एक होत नाहीत, तुम्हाला स्वतः एक करावी लागतात. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र कोणी ऱ वापरून लिहितं, कोणी साध्या र-हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. शोधण्याआधी ही जोडचिन्हं काढून टाका आणि दोन्ही रूपं एकाच साच्यात आणा. जुन्या पुस्तकांतून शब्द घेतलेत तर अनुस्वारांचा प्रश्न येतो. १९६२मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, त्याआधीचं ‘नाहीं’, ‘करूं’, ‘केलें’ हे आजच्या रूपांशी जोडून घ्यावं लागेल. आणि रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांना तुच्छ लेखू नका. मोबाइलवर बरेच जण तसंच लिहितात.

एक शोध मात्र नक्की द्या, तो म्हणजे उलटा. शब्द आठवत नाही, अर्थ आठवतो. ‘जेवणानंतर डोळे मिटायला लागतात ते’ असं लिहिल्यावर पेंग, झापड, सुस्ती, गुंगी यावेत. लेखक सर्वाधिक वेळा याच अवस्थेत असतो. इथे एआय खरोखर कामी येतं, कारण वाक्याचा अर्थ पकडून तुमच्या नोंदींतल्या टिपांशी जुळवणं त्याला छान जमतं. टिपा चांगल्या लिहिलेल्या असल्या तर.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. शब्दांचे सदिश, म्हणजे शब्दाचा अर्थ मांडणारे आकड्यांचे संच, काढायची पद्धत २०१३च्या वर्ड-टू-व्हेक या तंत्रानंतर घरोघरी पोचली. फेसबुकच्या फास्टटेक्स्टने १५७ भाषांचे सदिश खुले केले, त्यात मराठी आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२२मध्ये मराठीचं मोठं पाठसंकलन, म्हणजे मजकुराचा संग्रह, आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं दिली. हे सगळं वापरा, पण कशासाठी वापरताय ते ठरवून. ही पद्धत शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारपाजाऱ्यांवरून ठरवते. ‘थंड’ आणि ‘गरम’ दोघेही चहा, पाणी, हवा यांच्याच शेजारी राहतात, म्हणून यंत्राला ते जवळचे वाटतात. विरुद्धार्थी शब्द पर्याय म्हणून पुढे येतात. फास्टटेक्स्ट शब्दाचे तुकडे पाहतं, त्यामुळे ‘रडणे’ला पर्याय म्हणून ‘रडणारा’, ‘रडवणे’ अशी भावंडंच येण्याची शक्यता जास्त. आणि संकलनात बातम्यांचा वाटा मोठा असला की रडण्याच्या शेजारी टाहो आणि आक्रोश येतात, मुसमुसणं मागे पडतं.

भाषिक मॉडेलला, म्हणजे गप्पा मारणाऱ्या एआयला, थेट विचारलं तर अडचण वेगळी. ते चुकतं असं नाही, ते मधलं सांगतं. सर्वांना चालेल असा, किंचित संस्कृतकडे झुकलेला शब्द. ‘आनंद’ला ‘हर्ष, उल्हास, प्रसन्नता, संतोष’. ‘हुरळून जाणं’, ‘उकळ्या फुटणं’, ‘जीव भांड्यात पडणं’ हे ते आपणहून क्वचित देतं, आणि दिलं तरी तिन्ही आनंद वेगवेगळे आहेत हे विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून माझी शिफारस अशी की उमेदवार शब्द गोळा करायला यंत्र लावा, निवड आणि टीप माणसाकडे ठेवा. यंत्राने सुचवलेलं पण माणसाने न पाहिलेलं काहीही वाचकाला दाखवू नका. एकदा ‘हा कोश वाट्टेल ते देतो’ असं लेखकाच्या मनात बसलं की तो परत येत नाही.

वाचकांच्या मतदानावर पर्यायांचा क्रम लावायची कल्पनाही तुमच्या डोक्यात असणारच. मला ती मुळीच पसंत नाही. मतं सर्वांना माहीत असलेल्या शब्दाला मिळतात, आणि तो शब्द लेखकाला आधीच माहीत असतो. क्रम तीव्रतेने लावा: वर डोळे पाणावणं, खाली धाय मोकलणं. एका वेळी दहा-पंधरा प्रयोग पुरेत, बाकीचे मागितल्यावर. वाचकांकडून नवे शब्द आणि दुरुस्त्या जरूर घ्या, कुठल्या गावचा शब्द ते विचारून घ्या.

हक्कांचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून खुलं आहे. मोल्सवर्थचा कोश खुला आहे. विसाव्या शतकातल्या कोशांचं मात्र एकेकाचं तपासावं लागेल. ऑनलाइन शोधता येतो म्हणून उतरवून घेता येतो असं नाही. वर्डनेटचा डेटा घ्याल तर त्याचा परवाना शेवटपर्यंत वाचा. उदाहरणाची वाक्यं तर स्वतःच लिहा. दुसऱ्याच्या कादंबरीतलं सुंदर वाक्य नोंदीत घातलं की वापरणारा त्या वाक्याच्या मागे लागतो आणि शब्द बाजूला राहतो. साधं, बिनचेहऱ्याचं वाक्य कोशात जास्त उपयोगी.

सुरुवात कुठून करायची? सगळी भाषा एकदम घेऊ नका. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला जे रोज लागतं ते आधी घ्या: चालणं, बघणं, बोलणं, गप्प राहणं, हसणं, रडणं, खाणं, रागावणं, घाबरणं, थकणं, मग आवाज, वास, उजेड-अंधार, पाऊस-ऊन. अशा दीडदोनशे संकल्पना नीट केल्या तर तेवढ्यावरही लोक येतील. नामांची लांबलचक यादी, कमळाला किती नावं आणि सूर्याला किती, ही शेवटी. ती आधीच सगळीकडे आहे, आणि आजच्या गद्यात सहस्ररश्मी फारसा उगवत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून, न सापडलेल्या शोधांची नोंद ठेवा. कोणी काय टाइप केलं आणि रिकाम्या हाताने परत गेलं, ही यादी दर आठवड्याला संपादकाच्या टेबलावर आली पाहिजे. पुढची नोंद कुठली करायची ते तिच्यावरून ठरवा. संपादक निदान दोन घ्या, एकाच जिल्ह्यातले नकोत, आणि दोघांपैकी एकाने तरी वर्तमानपत्राबाहेरचं मराठी भरपूर वाचलेलं असावं. त्यांना मानधन द्या. सर्व्हरचा खर्च दिसतो म्हणून लोक तो आधी धरतात, आणि टिपा लिहिणाऱ्याने हौसेखातर लिहावं अशी अपेक्षा ठेवतात. असे कोश ‘क’पर्यंत येऊन थांबलेले मी पाहिले आहेत.